दुखण्याचा खर्च आणि चिठ्ठीवरचे नाव

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या घरांत वाणसामान, दूध, वीज आणि मुलांची फी यांच्या ओळी ठरलेल्या असतात. अलीकडे त्यांत औषधांची ओळही कायमची झाली आहे. ती जरा उलगडून पाहिली की साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी दुखण्याच्या गोळ्याही दिसतात. दादींचे गुडघे, अब्बांची कंबर, दिवसभर शिलाई मशीनवर वाकणाऱ्या भाभीची मान, वर्षानुवर्षे विड्या वळून आखडलेली खालांची बोटे अशी ती यादी असते.

पैसे कमी पडले की सगळ्यांत आधी कात्री लागते ती याच गोळ्यांना. साखरेची गोळी चुकली तर तपासणीत आकडा वाढतो आणि डॉक्टर रागावतात. दुखण्याची गोळी चुकली तर कोणत्याही कागदावर काही दिसत नाही, जिचे दुखते तिलाच ते कळते. त्यामुळे घरातली बाई दहा गोळ्यांचे पाकीट वीस दिवस पुरवते. विचारले तर म्हणते, "चालतंय, सबर करते." सबर ही फार मोठी गोष्ट आहे, हे आम्हीही मानतो. पण ज्या दुखण्यावर औषध आहे आणि ते स्वस्तात मिळू शकते, ते केवळ चौकशी न केल्यामुळे सोसत राहणे, याला सबर म्हणता येणार नाही. म्हणून या महिन्यात थोडी चौकशी करू या.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची नेहमीची औषधे काही नवी नाहीत. ती पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत, त्यांच्यावर आता कोणा एका कंपनीचा मक्ता नाही आणि आपल्या देशात त्या गोळ्या कितीतरी कंपन्या बनवतात. गोळीतला औषधी घटक एकच असतो, पाकिटावर कंपनीने दिलेले नाव मात्र वेगवेगळे असते. पैशांतला मोठा फरक या नावामुळे पडतो.

सरकारचे नियंत्रण नाही असे नाही. आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे. 2022 च्या यादीत 384 औषधे आहेत आणि वरची तिन्ही तिच्यात आहेत. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार या यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते. ती ठरवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या सगळ्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तिच्यात दुकानदाराचा 16 टक्के नफा मिळवतात. त्याआधी, 1995 च्या आदेशात, गोळी बनवायला खर्च किती येतो यावरून किंमत ठरत असे. आता ती बाजारभावाच्या सरासरीवरून ठरते. त्यामुळे बाजारातली महागडी नावे ती सरासरीही वर ओढतात. शिवाय दरवर्षी घाऊक महागाईच्या प्रमाणात वाढीची मुभा असते. ती 2022 मध्ये 10.76 टक्के, तर 2023 मध्ये 12.12 टक्के होती.

तरीही यादीतली साधी गोळी आजही स्वस्त आहे. पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीची कमाल किंमत रुपयाच्या आसपास आहे. मग दुखण्याची चिठ्ठी तीनशे-चारशे रुपयांची कशी होते? एका गोळीत दोन किंवा तीन औषधे मिसळून नवे नाव दिले की बऱ्याचदा ते मिश्रण या यादीत बसत नाही. यादीबाहेरच्या औषधांवर कमाल किमतीचे बंधन नसते, फक्त वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही एवढा नियम असतो. पहिली किंमतच मोठी असेल तर या नियमाचा ग्राहकाला फारसा उपयोग नाही. काही मिश्रणे उपयोगी असतात, पण सगळी नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 156 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत वेदनाशामकांची मिश्रणेही होती. जी गोष्ट रुग्णाच्या फायद्याची नाही म्हणून नंतर बंद करावी लागली, तिच्यासाठी लोकांनी तोवर खिशातून पैसे मोजले होते.

आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना आम्ही मुलांना घरातली गोळ्यांची रिकामी पाकिटे आणायला सांगतो. कंपनीचे नाव बोटाने झाकायचे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचायचे. मग छापील किमतीला गोळ्यांच्या संख्येने भागायचे. एकच औषध, एकच मात्रा, तरी एका गोळीची किंमत दुसरीच्या दुप्पट-तिप्पट निघते, तेव्हा वर्गात गलका होतो. एका मुलीने विचारले, "सर, मग मेडिकलवाले काका स्वस्तातली का देत नाहीत?"

प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी जे नाव लिहिले असेल त्याऐवजी दुसरे देण्याची मुभा दुकानदाराला नाही, भले आतले औषध तेच असो. हा नियम रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की किंमत दुकानात ठरत नाही, ती डॉक्टरांच्या टेबलावर चिठ्ठी लिहिली जाते तेव्हाच ठरते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, शक्यतो मोठ्या सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या 2016 च्या दुरुस्तीत म्हटले आहे. ऑगस्ट 2023 मध्ये नव्या वैद्यक आयोगाने हीच गोष्ट अधिक सक्तीची केली. डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. स्वस्त औषधांचा दर्जा सगळीकडे सारखा तपासला जातो का, ही डॉक्टरांची मुख्य शंका होती. ती अगदीच पोकळ नाही. पण त्यावरचा उपाय म्हणजे सरकारने तपासणी कडक करणे. गरीब रुग्णाने कायम महाग नाव विकत घेणे, हा काही उपाय झाला नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वी बोलणे. आपल्याकडे लोक डॉक्टरांपुढे अदबीने गप्प बसतात आणि नंतर मेडिकलच्या दुकानात किंमत ऐकून अर्धीच औषधे घेतात. त्यापेक्षा आधीच अदबीने विचारावे, "डॉक्टरसाहेब, यातलं मूळ औषध कोणतं? त्याचंच नाव लिहून द्याल का? आम्ही जनऔषधी केंद्रातून घेऊ." बहुतेक डॉक्टर लिहून देतात. 2008 मध्ये सुरू झालेल्या या योजनेची देशात आता पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि तिथली औषधे नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्याने, काही तर त्याहूनही स्वस्त असतात. कधी हवी ती गोळी शिल्लक नसते, म्हणून पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच चौकशी करावी. 'सुगम' या मोबाइल अॅपवर जवळचे केंद्र सापडते आणि 'फार्मा सही दाम' या सरकारी अॅपवर औषधाची किंमत पडताळता येते. घरातली नववी-दहावीची मुले हे काम दोन मिनिटांत करतील. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हेही विसरू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मोठ्या उपचारांसाठी आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दादींच्या रोजच्या गुडघ्याच्या गोळीला ती लागू पडत नाही.

पैसे वाचवताना जीवही जपला पाहिजे. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने तीच गोळी आणणे हा वरवर स्वस्त पण प्रत्यक्षात महागात पडणारा मार्ग आहे. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. साखर किंवा रक्तदाब असलेल्यांना हा धोका अधिक असतो. उपाशीपोटी त्या घेऊ नयेत. रमजानमध्ये कोणती गोळी, किती आणि कधी घ्यायची हे महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणखी एक गोष्ट म्हणजे अंगदुखीच्या, सर्दीच्या आणि तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. दोन नावांची दोन पाकिटे घेतली तर एकच औषध दुप्पट पोटात जाते, यकृतावर भार पडतो आणि पैसेही दोनदा जातात. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली तर दोन्ही टळते.

आता याहून कठीण दुखण्याविषयी, म्हणजे कर्करोगाच्या वेदनेविषयी. इथे गोष्ट उलटी आहे. या वेदनेवर सर्वांत भरवशाचे मानले जाणारे औषध, तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, हे अगदी स्वस्त आहे, एक गोळी काही रुपयांची. ते अफूपासून बनते आणि आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही आपल्याच माणसांना ते मिळणे अवघड झाले. 1985 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. औषधासाठीसुद्धा अनेक खात्यांचे वेगवेगळे परवाने लागू लागले आणि शिक्षेच्या भीतीने रुग्णालयांनी व दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 1985 मध्ये देशात 716 किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरले गेले होते, 1997 मध्ये ते 18 किलोवर आले. त्या बारा वर्षांत वेदना काही कमी झाल्या नव्हत्या.

आमच्या ओळखीच्या एका घरात हे आम्ही पाहिले. वडिलांचा कर्करोग हाडांपर्यंत गेला होता. गावातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये मॉर्फिन नव्हते. दर पंधरा दिवसांनी मुलगा रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचा, दिवसभर रांगेत उभा राहून गोळ्या घ्यायचा आणि रात्रीच्या गाडीने परत यायचा. गोळ्यांचे पैसे नगण्य होते. गाडीभाडे, बाहेरचे जेवण आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी हा खरा खर्च होता. एकदा गाडी चुकली, तर दोन रात्री सगळी गल्ली जागी राहिली.

2014 मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. आता मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी आहे. म्हणजे जिल्ह्याच्या गावातले रुग्णालयही, प्रशिक्षित डॉक्टर असतील तर, ही मान्यता मिळवू शकते. कायदा सोपा झाला तरी अर्ज कोणीतरी करायचा असतो आणि तो करावा म्हणून मागणीही कोणीतरी करायची असते.

केरळने हे करून दाखवले आहे. 1993 मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात ते गल्लोगल्ली पोहोचले. तिथे साध्या माणसांनी प्रशिक्षण घेतले. ती परिचारिकेबरोबर घरोघर जाऊन रुग्ण पाहू लागली, आणि खर्चासाठी गावातूनच थोडी थोडी वर्गणी जमू लागली. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण केले, देशात पहिल्यांदाच. मलप्पुरमची वस्ती बहुतांशी मुस्लिम आहे आणि तिथले लोक काही फार श्रीमंत नव्हते. त्यांनी आपल्या गल्लीत कोण दुखण्याने तळमळत आहे याची माहिती ठेवली, एवढ्यापासून सुरुवात झाली.

आपल्या मोहल्ल्यातही जकात आणि सदक्याचा पैसा आजारपणासाठी दिला जातो. तो बहुतेक वेळा ऑपरेशनच्या बिलासाठी एकदम मागितला जातो. महिन्याच्या गोळ्यांसाठी हात पसरायला माणसाला लाज वाटते, म्हणून ते कोणी मागत नाही. मोहल्ल्याच्या कमिटीने चार-पाच जणांवर एवढे काम सोपवावे : कोणाच्या गोळ्या पैशांअभावी थांबल्या आहेत याची गुपचूप माहिती ठेवणे, त्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून मूळ नावाने लिहून घेणे आणि जनऔषधी केंद्रातून औषधे आणून देणे. याच लोकांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन वेदनाशमनाचा विभाग आहे का, तिथे मॉर्फिन मिळते का, हेही लेखी विचारावे. लेखी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

घरापुरते काम तर आजच करता येईल. औषधांचा डबा खाली काढा. प्रत्येक पाकिटावरचे मूळ नाव एका कागदावर लिहा, समोर एका गोळीची किंमत मांडा आणि तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे न्या. त्याच वेळी अम्मीला किंवा दादींना जवळ बसवून विचारा की गोळी रोज घेतात की पुरवून पुरवून घेतात. पहिल्यांदा त्या "घेते की" असेच म्हणतील. पाकिटातल्या गोळ्या मोजून पाहा आणि पुन्हा विचारा.