कंपनी मुख्यालयांची स्थाननिवड आणि दिंडोरी तालुका

कंपनीचे मुख्यालय कोठे असावे हा प्रश्न कारखाना कोठे उभारावा या प्रश्नाहून वेगळा आहे. कारखान्याला जमीन, पाणी, वीज आणि कच्चा माल लागतो; मुख्यालयाला भांडवल, ग्राहक, वकील, बँका आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना राहावेसे वाटेल असे गाव लागते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात या दोन्ही प्रकारच्या निवडीची उदाहरणे आढळतात. तळेगाव-अक्राळे औद्योगिक वसाहतीत बाहेरच्या कंपन्या उत्पादनासाठी येत आहेत, तर मोहाडी या गावी सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनीचे कारखान्याबरोबरच नोंदणीकृत कार्यालयही आहे.

पार्श्वभूमी

भारतीय कंपनी कायदा ‘नोंदणीकृत कार्यालय’ ही संज्ञा ओळखतो. ‘मुख्यालय’ हा व्यवहारातील शब्द असून प्रत्यक्ष निर्णय जेथे होतात ते ठिकाण त्यातून सूचित होते. बहुतेक कंपन्यांत ही दोन्ही स्थाने एकच असतात, पण तसे बंधन नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर नाशिक परिसरात सातपूर आणि अंबड येथे वसाहती वाढल्या. ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, सातपूरला मायको (आताची बॉश) आणि महिंद्र यांचे कारखाने उभे राहिले. मात्र हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि बॉश यांची मुख्यालये बंगळूरला आहेत आणि महिंद्रचे मुंबईला. द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या सुला विनयार्ड्स या कंपनीची ओळखच नाशिकशी जोडलेली आहे, तरी तिचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आहे. जिल्ह्याच्या वाट्याला यंत्रे आणि पाळ्या आल्या, संचालक मंडळाच्या बैठका आल्या नाहीत. १९६४ पासून चालत आलेली राज्य शासनाची सामूहिक प्रोत्साहन योजनाही प्रामुख्याने उत्पादन प्रकल्पातील गुंतवणूक पाहते. ज्या धोरणाने कारखाने मागितले त्याला कारखानेच मिळाले, यात नवल नाही.

निवडीची कारणे

मराठी मुलखातील सर्वांत परिचित उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. बेळगावातील जागा सोडावी लागल्यानंतर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल येथील माळरान निवडले. संस्थानाने जमीन आणि कर्ज दिले. आजच्या भाषेत तो सवलतींचा पहिला ‘पॅकेज’ म्हणता येईल. पुढे उद्योगसमूह विस्तारल्यावर व्यवस्थापनाचे केंद्र पुण्याकडे सरकले, कारखाना मात्र वाडीतच राहिला.

ग्राहकाच्या मागे मुख्यालय जाते, याचे उदाहरण इन्फोसिस. ही कंपनी १९८१ साली पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ साली बंगळूरला गेली. तेथील ग्राहक होता मायको. तीच मायको, जिच्या नावाने नाशिकमधील एक चौक आजही ओळखला जातो. पुण्याने काय गमावले हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते, कारण कंपनी अगदी लहान होती.

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनने २०१७ साली दुसऱ्या मुख्यालयासाठी जाहीर स्पर्धाच लावली. दहा लाखांहून अधिक वस्तीचा महानगर परिसर आणि जवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ अशा अपेक्षा होत्या. २३८ प्रस्ताव आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातील आर्लिंग्टन यांची निवड झाली, परंतु सवलतींवरून विरोध झाल्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने न्यूयॉर्कचा बेत सोडला. म्हणजे दोनशेहून अधिक शहरांनी आपापली माहिती आणि देऊ केलेल्या सवलती कंपनीपुढे मांडल्या आणि निवड झाली ती देशाच्या आर्थिक व राजकीय राजधानीलगतच्या जागांची. अशा कसोट्यांवर दिंडोरीचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद ठरला असता.

मोहाडी

दिंडोरी तालुक्यात करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव आणि तिसगाव ही धरणे आहेत. या पाण्यावर येथील द्राक्षशेती उभी आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (शेतकऱ्यांच्या बोलीत ‘लिहोसीन’) अंश आढळल्याने माल अडकला आणि निर्यातदार व बागाईतदार दोघेही अडचणीत आले. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली ती याच काळात. अशा कंपन्यांची तरतूद कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने झाली होती.

निर्यातीची द्राक्षे तोडणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरणासाठी न्यावी लागतात. उशीर झाला की देठ सुकतात, आणि परदेशी ग्राहक आधी देठ पाहतो. औषध कोणत्या बागेत केव्हा फवारले याची नोंद, अंश तपासणी, प्रतवारी आणि पेट्यांची भरणी ही कामे एका साखळीत यावी लागतात. त्यामुळे पॅकहाउस बागांजवळ असणे अपरिहार्य होते. मोहाडी मुंबई–आग्रा महामार्गापासून दूर नाही. ओझर विमानतळाची प्रवासी इमारत शेजारच्या जानोरीलगत आहे. द्राक्षांचे कंटेनर मात्र मुख्यतः समुद्रमार्गे, न्हावा-शेवा बंदरातून जातात.

यातून कारखान्याची जागा स्पष्ट होते, कार्यालयाची नाही. सुलाचीही द्राक्षे नाशिकचीच आहेत. फरक मालकीचा आहे. सह्याद्रीत माल देणारा शेतकरी हाच सभासद आहे. दराबद्दल, नाकारलेल्या मालाबद्दल किंवा थकलेल्या पैशांबद्दल विचारायचे झाल्यास त्याला मुंबई गाठावी लागत नाही. मोटारसायकलवरून जाता येते. व्यवस्थापनाला ही जवळीक नेहमीच सोयीची असते असे नव्हे.

सप्टेंबर २०२२ मध्ये सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर या उपकंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवल्याचे जाहीर झाले. इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को अशी त्यांची नावे आहेत. खेड्यातील कार्यालयाला मोठे भांडवल मिळत नाही, हा समज यामुळे खोटा ठरला.

तळेगाव-अक्राळे

येथील औद्योगिक वसाहतीत रिलायन्स लाइफ सायन्सेसला मोठा भूखंड मिळाला. कंपनीचे केंद्र नवी मुंबईत आहे. अशा प्रकल्पातून रोजगार, वाहतूक आणि पूरक व्यवसाय तालुक्यात येतात. खरेदी, नेमणुका व नफ्याचा विनियोग यांचे निर्णय बाहेर होतात. सामाजिक दायित्वाच्या निधीबाबत २०१३ च्या कायद्याच्या कलम १३५ मध्ये कंपनी जेथे काम करते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य देण्याचा उल्लेख आहे. कारखाना ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिला या आधारे मागणी करता येते, पण निधीचे वाटप संचालक मंडळच ठरवते.

स्थानबदल

नोंदणीकृत कार्यालय सध्याच्या शहराच्या किंवा गावाच्या हद्दीबाहेर हलवायचे असल्यास कलम १२ नुसार सभासदांचा विशेष ठराव लागतो. त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. सर्व सभासद व्यक्ती असलेल्या उत्पादक कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. त्यामुळे अशा कंपनीचे कार्यालय गावाबाहेर नेण्यास दोन एकरांच्या बागेचा मालक आणि वीस एकरांचा मालक सारख्याच ताकदीने विरोध करू शकतात. उपकंपनीत सर्वसाधारणपणे भागांच्या प्रमाणात मते मोजली जातात आणि गुंतवणूकदारांचे वजन तेथे पडते. शिवाय विशेष ठराव लागतो तो नोंदलेल्या पत्त्यासाठी. निर्णय घेणारे अधिकारी शहरात बसू लागले तर त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नसते.