ते गठ्ठे रद्दीत देऊ नका

सांगलीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं काम केलं. त्यातली बरीच वर्षं नियतकालिकांच्या टेबलावर गेली. टपालाने आलेले अंक फोडायचे, शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचे, वर्ष सरलं की गठ्ठा बाइंडिंगला पाठवायचा. अनेक मासिकं माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाली आणि बंदही पडली. त्यातलं एक मात्र मला वाचनालयात कधीच ठेवता आलं नाही. त्याचं नाव ‘रॉक स्ट्रीट जर्नल’.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत यायचा तेव्हा सॅकमध्ये धुवायचे कपडे आणि त्यांच्या खाली हे अंक. मी कुमार गंधर्व आणि किशोरीताई ऐकणारी. त्यातल्या रॉक संगीताशी माझी ओळख नव्हती. पण कुठलाही अंक हाती आला की आधी संपादकाचं नाव आणि पत्ता बघायचा, ही माझी कामाची सवय. पत्ता होता अलाहाबादचा. मी विचारलं, “अलाहाबादला कोण रे गिटार वाजवतं?” तो म्हणाला, “ताई, कोण कुठं वाजवतं ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर काढलंय त्यांनी.”

त्या एका वाक्यात त्या मासिकाची सगळी गरज आली होती. १९९३ साली अमित सैगल आणि शेना गमात यांनी ते सुरू केलं. तेव्हा मुंबईत रंगभवनच्या उघड्या मंचावर ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, तिथे पोरांची तुडुंब गर्दी असायची. शिलाँगमध्ये घराघरांत गिटार होती, बंगलोरला, कोलकात्याला बँड होते. पण शिलाँगच्या मुलाला मुंबईचा बँड ठाऊक नसायचा आणि मुंबईच्या मुलाला शिलाँगचा. इंटरनेट घरात आलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात या मुलांना जागा मिळालीच तर कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या बातमीत एक ओळ. अशा वेळी अलाहाबादेत बसून कुणीतरी ठरवतं, की ही मुलं काय वाजवतात ते लिहून ठेवण्याजोगं आहे. मला हे फार मोठं वाटतं.

अलाहाबादेलाही ते शोभून दिसतं. १९०० साली ‘सरस्वती’ तिथूनच निघालं आणि महावीरप्रसाद द्विवेदींनी त्याच्या पानांवर हिंदी गद्य घडवलं. १९६५ मध्ये कॉलेजातल्या वयाच्या अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी मित्रांबरोबर ‘डॅम यू’ नावाचं सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक काढलं ते तिथेच. आपल्या अरुण कोलटकरांची ‘द बोटराइड’ ही कविता त्यात छापून आली. संपादकाला राजधानी लागत नाही, टेबल लागतं.

‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने स्वतःची गाणी रचणाऱ्या बँडना जवळ केलं. परक्यांची गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या मिळत असताना हा आग्रह सोपा नव्हता. देशी बँडच्या गाण्यांच्या ‘ग्रेट इंडियन रॉक’ या नावाने कॅसेट काढल्या, १९९७ पासून त्याच नावाचा महोत्सव भरवला. सैगल यांना ‘पापा रॉक’ म्हणत. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. मला मात्र ते आणि त्यांचे सहकारी संपादक म्हणूनच आठवतात. महोत्सवाचा आवाज रात्री विरतो. त्या बँडमध्ये कोण होतं, काय वाजवलं, कुठे कमी पडले, हे दुसऱ्या महिन्यात छापून येतं तेव्हाच त्याचा इतिहास होतो. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाचं लेखन जितक्या गांभीर्याने वाचत, तितक्या गांभीर्याने कुणीतरी एखाद्या वीस वर्षांच्या ड्रमरला ऐकावं, यात कमीपणा कसला?

२००१ मध्ये भावाने नोकरीसाठी परदेशी जाताना त्याचे सगळे अंक माझ्या हवाली केले. मी ते वाचनालयाला देऊ केले. कार्यकारिणीने नकार दिला. इंग्रजी, त्यात असलं संगीत, आणि कपाटात जागा नाही, ही कारणं. मी वाद घातला, पण पुरेसा घातला नाही. सेवेत होते, गप्प बसले. ती माझी चूक.

छापलेलं जपायला आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायची. १९५६ पासून नियतकालिकंही त्यात आली. पण कोलकात्यातली प्रत मिरजेच्या मुलाच्या हाती पडत नाही. गिटार शिकणारी मुलं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्या आधी इथे कोण वाजवून गेलं, हे त्यांना कुठे वाचायला मिळणार? त्या काळातले कितीतरी बँड एकही रेकॉर्ड न काढता मोडले. त्यांची कॅसेट असलीच तर तिला बुरशी लागलीय. छापलेलं परीक्षण तेवढं टिकू शकतं, कुणी टिकवलं तर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. आमच्या घराच्या तळमजल्यावर पाणी पाच दिवस होतं. भावाचे अंक ठेवलेली पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा आत चिखलाचा एक लगदा होता. पाण्याला दोष देत नाही. ते अंक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर असते तर आज हाताळता आले असते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मुलाच्या जुन्या खोलीत असे अंक असतील तर कृपा करून रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका. विद्यापीठाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयात घेऊन जा. नाही म्हणाले तर पुन्हा जा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, गठ्ठा दारात आला तर आधी नोंदवही उघडा, जागेचं नंतर बघू.

माळ्यावर राहिलेले अकरा अंक माझ्याकडे कोरडे आहेत. जे ग्रंथालय त्यांची रीतसर नोंद करील, तिथे मी ते स्वतः नेऊन देईन.