पाटीवर हलाल, भट्टीत धूर

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की शहरातल्या लाकूड-कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तशाच स्वच्छ इंधनावर यावं. पुढचे काही दिवस माझ्या फोनवरच्या ग्रुपांत एकच सूर होता : बघा, मटणाच्या दुकानांवर झालं, भोंग्यांवर झालं, आता आपल्या भट्टीवर आले! खरं सांगतो, पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं. आज मला त्या सुराशीच भांडायचं आहे.

भांडायचा हक्क मला आहे. माझ्या चाचांचं छोटं हॉटेल आहे. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिथल्या गल्ल्यावर बसलो आहे आणि माझ्या कॉलेजची फी तिथल्याच तंदूरवर निघाली आहे. तंदूरवर असलेल्या वस्तादांना मी लहानपणापासून पाहतोय. रोट्या लावता लावता ते खोकायचे, तोंड गमछ्यात लपवायचे आणि पुन्हा आत वाकायचे. ‘धुराची सवय झाली की काही होत नाही,’ असं आम्हीच त्यांना सांगायचो. सांगणारे आम्ही गल्ल्याजवळ, पंख्याखाली.

कोळशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, फुप्फुसात खोलवर जाऊन बसणारे बारीक कण असतात. बेकरीच्या भट्टीची गोष्ट त्याहून वाईट. चांगलं लाकूड महाग, म्हणून तिथे अनेकदा मोडकं फर्निचर, प्लायवूड, रंग लावलेल्या फळ्या जातात. लाकडाबरोबर त्यातला गोंद आणि रंगही जळतो. बाहेरच्या प्रदूषित हवेने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केलं आहे. आपल्या गल्ल्यांत खाली भट्टी आणि वर खोल्या असतात. तो धूर सर्वांत आधी कारागिराच्या छातीत जातो. मग पोटमाळ्यावर झोपलेल्या पोराच्या, मग दुसऱ्या मजल्यावरच्या दम्याच्या दादीच्या. हे सगळे कोण आहेत? बहुतेक वेळा आपलेच. मग आदेश ‘आपल्याविरुद्ध’ कसा?

पहिला आक्षेप असा की आम्हालाच का धरलं. न्यायालयाने मुंबईच्या हवेचा प्रश्न २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतला, त्यात बांधकामांच्या धुळीपासून कारखान्यांपर्यंत सगळं आलं. आदेश इंधनावर आहे, मालकाच्या नावावर नाही. दुसरा आक्षेप, बिल्डर आणि कारखाने आमच्यापेक्षा जास्त घाण करतात. करतात, आणि त्यांच्यावरही बोललंच पाहिजे. पण शेजारच्याने जास्त कचरा टाकला म्हणून माझ्या दारातला कचरा साफ होत नाही.

तिसरा आक्षेप चवीचा. चाचांनी तंदूर गॅसवर घेतला तेव्हा आठवडाभर नेहमीची गिऱ्हाइकं कुरकुरली, मग विसरून गेली. रोटीची चव मुख्यतः तापलेल्या मातीच्या भिंतीतून येते. बिर्याणीचा दम गॅसवरही बसतो. गॅस हेही जमिनीतूनच काढलेलं इंधन आहे, शेवटचं उत्तर नाही, हे मला मान्य आहे. पण आज रात्री वस्तादांच्या छातीत काय जाणार, एवढ्यापुरता फरक मोठा आहे. त्यांचा खोकला मात्र गेलेला नाही. उशिरा केलेल्या बदलाने मागची वर्षं परत येत नाहीत.

एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. लहान बेकरीवाल्याला नवी भट्टी परवडत नाही. पाव महाग केला तर गिऱ्हाईक जातं, आणि वडापाववर दिवस काढणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते. सहा महिन्यांची मुदत द्यायची आणि कर्ज, पाइपच्या गॅसची जोडणी, तांत्रिक मदत यांचं काय ते तुम्हीच बघा म्हणायचं, हा अन्याय आहे. त्यासाठी जरूर लढू या. पण मागणी ‘आमची भट्टी तशीच राहू द्या’ ही नको. ‘आम्ही बदलतो, आम्हाला स्वस्त कर्ज द्या, जोडणी वेळेत द्या’ ही हवी. पहिल्या मागणीत आपण एकटे पडतो. दुसऱ्या मागणीत इराणी बेकरीवाला, उडुपीवाला, ढाबेवाला सगळे आपल्याबरोबर उभे राहू शकतात. संविधानाच्या ५१ (अ) कलमाने पर्यावरण जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. हक्क मागताना आपण संविधान हातात घेतो. मग हे पानही उघडायला हवं.

आता धुराच्या पलीकडे येऊ. आपल्या हॉटेलांवर मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘१०० टक्के हलाल’ लिहिलेलं असतं. कुरआनात सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत हलालबरोबर आणखी एक शब्द येतो, तय्यब : स्वच्छ, निर्मळ, चांगलं. तो शब्द पाटीवर कधी दिसला आहे का? आपण हलालचा हिशेब सुरीपाशी संपवला. कढईतलं तेल, ताटातलं उष्टं, मागच्या दाराची थैली यांना कुणी विचारतच नाही.

तेलाचं बघा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तळणाच्या तेलात खराब झालेले घटक, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. रमजानमध्ये आपल्या खाऊगल्ल्यांत काय चालतं, ते तुम्हालाही माहीत आहे. काळ्या तेलात नवं तेल ओतून पुन्हा समोसे तळले जातात, आणि ते दिवसभराच्या उपाशी पोटात जातात. उरलेलं तेल गटारात. तेच तेल अधिकृत संकलक विकत घेतात आणि त्यापासून बायोडिझेल होतं. ही योजना २०१८ पासून आहे. म्हणजे पैसे मिळत असताना आपण गटार तुंबवतो.

भाताचं बघा. समजा एका हॉटेलात रोज ६ किलो शिजलेला भात फेकला जातो. म्हणजे साधारण २ किलो तांदूळ, वर्षाला ७३० किलो. एक किलो तांदळामागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी धरलं तर एका छोट्या हॉटेलाने वर्षात सव्वाअठरा लाख लिटर पाणी फेकलं. ज्या मजहबात वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये असं शिकवलं जातं, त्या मजहबाच्या माणसांनी! सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आणि उधळपट्टीची मनाई एकत्रच येतात. आपल्याला पहिला अर्धा भागच पाठ आहे.

आणि फेकलेला भात जातो कुठे? १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला जात आला. त्या डोंगराला लागून गोवंडी आहे, शिवाजीनगर आहे, जिथे आपल्यातलेच सर्वांत गरीब राहतात. ओला कचरा दाबला गेला की कुजून मिथेन होतो. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट भारी आहे, आणि पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला तेव्हा दिवसेंदिवस धूर निघत होता आणि वस्तीतली मुलं त्यात श्वास घेत होती. मोहम्मद अली रोडवरच्या दावतीचं उष्टं आणि गोवंडीतल्या मुलाचा खोकला यांचं नातं आपल्याला दिसत नाही, कारण मधे कचऱ्याची गाडी असते.

म्हणून तरुण वाचकांनो, घोषणा नकोत. तुमच्या अब्बूंचं, मामूंचं, शेजाऱ्याचं हॉटेल असेलच. तिथे जा आणि सात दिवस रात्री उरलेल्या अन्नाचं वजन करा. आकडा समोर ठेवला की मालक ऐकतो, उपदेशाने ऐकत नाही. मग एका मोठ्या देगेऐवजी दोन लहान देगा लावायला सांगा, दुसरी गरज पडली तरच चढवायची. मेन्यूवर हाफ प्लेट आणा. उरलेलं अन्न रात्रीच, गरम असताना वाटा. सकाळी आंबलेलं देऊन सदक्याचं समाधान मिळवू नका. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, नियमांनी हॉटेलांवर ती सक्ती आहेच. प्लॅस्टिकच्या थैल्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी पार्सल त्यातच बांधलं जातं. घरून डबा आणणाऱ्याला पाच रुपये कमी करा आणि बघा. आणि तंदूरवरच्या माणसाची वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी करून घ्या, हॉटेलाच्या खर्चाने.

तुमच्यात कुणी वकिलीचं शिकत असेल, तर गल्लीतल्या बेकरीवाल्याला आलेली नोटीस त्याला समजावून सांगा आणि कर्जाचा अर्ज भरून द्या. कुणी कॉमर्सचं असेल तर नव्या भट्टीचा हिशेब मांडून द्या. ‘आपल्यावर अन्याय होतोय’ असा मेसेज पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात. या कामाला दोन संध्याकाळी लागतील. येत्या रमजानच्या आधी त्या काढा.