नोंद यंत्राने ठेवावी, रुग्ण माणसानेच पाहावा

यंत्र आले की कामगार संघटना आडवी येते, ही टीका आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. रेल्वेचे आरक्षण संगणकावर गेले, टपालाची बचत खाती कोअर बँकिंगवर गेली. दोन्ही वेळी आमचे भांडण यंत्राशी नव्हते. यंत्रामुळे वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडणार, एवढेच आम्ही विचारत होतो. आज हाच प्रश्न दवाखान्याच्या दारात उभा आहे.

रेल्वेच्या रुग्णालयांत व हेल्थ युनिटांत एचएमआयएस ही संगणकीय पद्धती आली, कर्मचारी आणि निवृत्तांना उमीद कार्ड मिळाले. सीजीएचएसचे दवाखाने तर त्याआधीच संगणकावर गेले होते. याचे फायदे आम्ही नाकारत नाही. आपला माणूस भुसावळला भरती होतो, सिकंदराबाद किंवा इटारसीला बदलून जातो आणि निवृत्तीनंतर गावी परततो. जुनी कागदपत्रे बदलीत गहाळ होतात. अशा वेळी त्याचा रक्तदाब, साखर, चालू औषधे नव्या डॉक्टरला पडद्यावर दिसली, तर परप्रांतात भाषा अडली तरी उपचार अडत नाहीत.

माहिती वेळेवर न पोहोचल्याने काय होते, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडून डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. शेवटी त्याला खासगी रुग्णालय गाठावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात न्यायालयाने 1996 साली त्याला 25,000 रुपये भरपाई तर दिलीच, शिवाय रिकामी खाट कोठे आहे हे तत्काळ कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था उभारण्यास सांगितले. असे काम यंत्राने जरूर करावे.

परंतु खाट कोठे आहे हे यंत्र सांगेल, रुग्णाला खाटेवर माणसालाच घ्यावे लागेल. 2019 साली सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेकडे पाहा. उपकेंद्रातून लांबच्या डॉक्टरचा सल्ला मिळतो, पण रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसलेला असतो. तोच रक्तदाब मोजतो, तक्रार नीट मांडतो, औषध समजावून सांगतो. सीजीएचएसच्या छत्राबाहेर असलेल्या ग्रामीण डाक सेवकाला या व्यवस्थेचा आधार होऊ शकतो, पण ते उपकेंद्रात माणूस हजर असेल तरच. ती जागा रिकामी ठेवून नुसता पडदा बसवला, तर त्याला आरोग्यसेवा म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. लोको पायलट, पॉइंट्समन, ट्रॅक मेंटेनर यांची पोटापाण्याची चिंता पीएमईशी बांधलेली असते. आपण डॉक्टरला सांगितलेली प्रत्येक गोष्ट कार्यालयातल्या संगणकावर उघडते, अशी शंका जरी आली, तरी माणूस दुखणे लपवू लागेल. त्यात त्याचा जीव धोक्यात, आणि गाडीतल्या प्रवाशांचाही. कर्मचारी कामास योग्य आहे की नाही, एवढेच प्रशासनाला कळावे. आजाराचा तपशील डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातच राहावा.

तिसरा मुद्दा यंत्र बंद पडण्याचा. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सायबर हल्ल्याने सर्व्हर ठप्प झाले आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. ते चालले, कारण ते चालवणारी माणसे तेथे होती. माणसे कमी केल्यावर असा प्रसंग आला तर रुग्णाने कोणाकडे पाहावे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मोबाइल नाही, ओटीपी आला नाही किंवा कार्ड विसरले, या कारणाने एकाही रुग्णाला परत पाठवू नये. वृद्ध निवृत्तांसाठी आणि विधवा भगिनींसाठी मदतीची खिडकी असावी व तेथे माणूस बसावा. टंकनाचे ओझे डॉक्टरवर न टाकता त्यासाठी वेगळा कर्मचारी द्यावा, म्हणजे डॉक्टरची नजर पडद्यावर न राहता रुग्णावर राहील. मोबाइलवरील सूचना मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत याव्यात. आणि संगणकाच्या नावाखाली परिचारिका, ड्रेसर, फार्मासिस्ट यांची एकही जागा सरेंडर होऊ नये.

सर्व शाखांनी आपापल्या दवाखान्याची पाहणी करून या मागण्यांचे ठराव करावेत आणि ते रेल्वेत पीएनएममध्ये, टपाल खात्यात जेसीएममध्ये मांडावेत. ज्या दवाखान्यात संगणक चालू आहे पण परिचारिकेची जागा रिकामी आहे, त्याची नोंद ठरावात अवश्य करावी. यंत्रामुळे वाचलेला वेळ रुग्णाच्या वाट्याला यावा, यासाठी हा आग्रह आहे, आणि तो आम्ही सोडणार नाही.