झोपेचे कान

पेण-रोहे पट्ट्यात रुळांलगतच्या घरी मुक्कामास गेलेल्या पाहुण्याची पहिली रात्र बहुधा तळमळण्यात जाते. पेणला न थांबता कितीतरी गाड्या भोंगा वाजवीत निघून जातात. रोह्यापासून तर कोकण रेल्वेच सुरू होते. जानेवारी १९९८ मध्ये ती थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत खुली झाली. सकाळी यजमान हसून सांगतात, "आम्हांला ऐकूच येत नाही, सवय झाली!" पण त्याच घरातली आजी गाडीने जागी होत नाही आणि नातू नुसता खोकला की उठून बसते. मग ऐकू येत नाही, असे कसे म्हणावे?

आपली भाषा 'मेल्यासारखा झोपला' म्हणते, कुंभकर्णाचा दाखला देते. तिच्याजवळ 'श्वाननिद्रा' हा शब्दही आहे, आणि तोही विद्यार्थ्याचे लक्षण म्हणून! (आमच्या वर्गात हे लक्षण दुपारच्या तासाला दिसे.) विज्ञानाचा कौल या दुसऱ्या शब्दाकडे आहे. ऑस्वल्ड, टेलर आणि ट्रीझमन यांनी १९६० साली निजलेल्यांना नावांची यादी ऐकवली. स्वतःचे नाव येताच मेंदूच्या आलेखात 'के-कॉम्प्लेक्स' नावाची मोठी लाट अधिक वेळा उमटली. पाहुण्याच्या तळमळीचेही कारण सापडले आहे. ब्राउन विद्यापीठातील २०१६ च्या संशोधनानुसार परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्ध उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर राहतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र २०१९ चा एक फ्रेंच प्रयोग अवश्य पाहावा. त्यात निद्रिस्तांच्या एका कानात अर्थपूर्ण कथन, तर दुसऱ्या कानात व्याकरणाचा सांगाडा शाबूत असलेली पण अर्थशून्य शब्दांची बडबड सोडली. हलक्या झोपेतला मेंदू अर्थपूर्ण कथनाचाच माग अधिक घेत होता! आस्वाद ही जागृत मनाची कृती, असे आपण वर्गात बिनदिक्कत शिकवतो. निवड तर त्याआधीच सुरू झालेली असते, असे आम्हांस वाटते. अंगाईचा विचारही मूल झोपताच संपवण्याची आपली रीत त्यामुळे अपुरी ठरते.

'सवय' या शब्दाची मात्र आम्हांला धास्ती वाटते. त्याच्या आधारे रात्रीचा कोणताही गोंगाट खपवला जातो. सवयीने जाग येणे कमी होते, हे खरे. परंतु जाग न येताही गाडीच्या आवाजासरशी निजलेल्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपासाठी रेल्वेच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा सरासरी ४४ डेसिबल आहे, म्हणजे कुजबुजीहून थोडी वर. 'ऐकू येत नाही' ही साक्ष सकाळच्या माणसाची. रात्रीच्या माणसाला कोणी विचारलेलेच नसते.

पुढच्या खेपेस त्या यजमानांना आम्ही एवढेच विचारणार आहोत : एखाद्या रात्री गाडी रद्द झाली, तर तुम्हांला जाग येते का?