विश्लेषण : विंडोज १०चे अपडेट थांबले; खोडदसारख्या गावात संगणक दुरुस्तीचा धंदा चालेल का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांच्या हे लक्षातही आले नाही. पण शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकाने, आडत्यांच्या पेढ्या अशा ठिकाणी जुने मशीन वर्षानुवर्षे चालवले जाते, आणि धोका तिथेच जास्त आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद-नारायणगाव पट्ट्यात एखादा तरुण घरातूनच हे काम सुरू करू शकतो का?

खोडदच का?

खोडदची ओळख म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही रेडिओ दुर्बीण अवकाशातले अतिक्षीण संकेत टिपते. त्यामुळे रेडिओ गोंगाट करणाऱ्या गोष्टींवर परिसरात बंधने आहेत. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा आराखडाही याच कारणाने बदलावा लागला. मोठ्या उद्योगांची वाट अशी अरुंद असताना, ज्याला टेबल आणि दुचाकी पुरते अशा सेवा व्यवसायाचे मोल वाढते. अर्थात, उघडे कॅबिनेट आणि अर्थिंग नसलेला एसएमपीएस हेही रेडिओ गोंगाटच करतात. खोडदच्या दुरुस्तीवाल्याने कॅबिनेटचे स्क्रू पूर्ण आवळून दिलेले बरे!

नेमके काम कोणते?

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनवर ते अधिकृतपणे चढत नाही. घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की ती मोफतही मिळते. ही नोंदणी करून देणे हेच पहिले काम ठरू शकते.

दुसरा मार्ग लिनक्सचा. शाळेच्या लॅबला, इंटरनेटपुरत्या वापराला ते उत्तम. मात्र ग्राहक टॅलीवर हिशेब ठेवत असेल किंवा डोंगलवर चालणारे मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर वापरत असेल, तर विचारल्याशिवाय लिनक्स टाकणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की फरक ग्राहकाला लगेच दिसतो. पण २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे पार्टचा भाव त्या दिवशीचाच सांगावा, मजुरी वेगळी.

मोह एकच टाळायचा आहे : क्रॅक केलेले विंडोज. दोनशे रुपयांत फॉरमॅट मारून देणारे सगळीकडे आहेत. पतसंस्थेच्या संगणकात त्यातून व्हायरस शिरला, तर जबाबदार शेवटचा हात लावणाराच धरला जातो.

कागदपत्रे किती?

फारशी नाहीत. उद्यम नोंदणी मोफत आहे. वीसपेक्षा कमी कामगार असल्यास शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मुद्राच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, पण स्क्रूड्रायव्हर संच, मल्टिमीटर, बूटेबल पेनड्राइव्ह आणि बॅकअपसाठी एक एक्स्टर्नल डिस्क एवढ्यावर सुरुवात होत असताना पहिल्याच महिन्यात हप्ता कशाला?

ग्राहक कसे मिळतील?

गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत असते. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याची गावे दाखवता येतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर व्हिजिट चार्ज आणि मजुरीचे दर टाकले की अर्धी घासाघीस मिटते. तरी गावातले पहिले ग्राहक मोबाइलवरून नव्हे, झेरॉक्सच्या दुकानातून किंवा एमएस-सीआयटी केंद्राच्या ओळखीतून येतात.

आणि तिथे खरा प्रश्न विश्वासाचा असतो. मशीनबरोबर कुटुंबाचे फोटो, हिशेब, पासवर्डही दुरुस्तीवाल्याच्या हातात येतात. म्हणून मशीन घेतानाच जॉबशीटवर तक्रार, सीरियल नंबर आणि बॅकअप हवा की नको हे लिहून सही घ्यावी. डेटा गेल्यावर होणारा वाद या एका कागदावर थांबतो.

उधारी हा दुसरा त्रास. सुटी कामे रोखीने करावीत. शाळा, पतसंस्थांशी वर्षाचा देखभाल करार करून पैसे तिमाहीने आगाऊ मागावेत. करार मार्चअखेरच्या आधी झालेला चांगला, कारण हिशेबाच्या त्या गर्दीत बंद पडलेले मशीन सोडून कोणी दराबद्दल बोलत नाही.