खडकात अडकलेले तेल

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कारखान्यांतून दररोज हजारो वाहने बाहेर पडतात. त्यांपैकी बहुतेकांना लागणारे इंधन मात्र परक्या भूमीतले. देशाच्या गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करावे लागते. आणि तरीही मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 'मुंबई हाय'च्या चुनखडकात, आपलेच तेल अडकून पडले आहे.

1974 साली सापडलेल्या व 1976 पासून तेल देणाऱ्या या क्षेत्राचे उत्पादन ऐंशीच्या दशकाअखेर शिखरावर पोहोचले आणि पुढे ओसरले. ते तेल संपले म्हणून नव्हे. तेल प्रथम भूगर्भातील दाबाने वर येते. मग पाणी सोडून ते रेटावे लागते. एवढे करूनही सामान्यतः निम्म्याहून अधिक तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत राहतेच. भोसरीतील कामगाराचे ग्रीसने माखलेले हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत, साबण लागतो. तेच तत्त्व येथेही आहे. साबणाच्या जातीची पृष्ठसक्रिय द्रव्ये पाण्यात मिसळली की तेल व पाणी यांमधील ताण हजारो पटींनी उतरतो, अडकलेले थेंब सुटतात आणि मागून सोडलेले पॉलिमरयुक्त दाट पाणी त्यांना विहिरीकडे ढकलते. गुजरातेतील विराज क्षेत्रात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने 2002 साली असा प्रयोग केला होता.

समुद्रात मात्र हे काम सोपे नाही. चुनखडक रसायन शोषून घेतो, सागरी क्षार व भूगर्भातील उष्णता त्याचा गुण मारतात आणि फलाटावर जागा अपुरी. त्याहून मोठी अडचण हिशेबाची आहे. रसायनाचा खर्च आज करावयाचा, तेल काही वर्षांनी मिळावयाचे, आणि तेव्हाचा भाव कोणालाच ठाऊक नाही. 1986 साली भाव कोसळताच अमेरिकेतील असे अनेक प्रकल्प गुंडाळले गेले, हे विसरता येणार नाही.

केंद्र सरकारने 2018 च्या धोरणात अशा वाढीव उत्पादनाला करसवलत दिली, हे योग्यच झाले. परंतु सवलत तेल निघाल्यावर मिळते. जोखीम त्याआधी पत्करावी लागते. तेव्हा प्रयोगांच्या खर्चातही शासनाने वाटा उचलला पाहिजे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांना त्यात सामील करून घेतले पाहिजे. उद्या विजेवरची वाहने वाढतील हे खरे. पण तोवरची वर्षे तेलावरच काढावयाची आहेत. विम्याचा हप्ता फुकट गेला असे शहाणा गृहस्थ म्हणत नाही. राष्ट्रानेही म्हणू नये.